समोरासमोरची दारं

नकाशा उलगडायला एक खाट पुरेना. हरिदासने दुसरी मागितली, तशी त्याच्या आईने, पंचफुलाने, त्या खाटेवरची गाठोडी उचलून भुईवर ठेवली आणि चुलीकडे वळली. भादव्यातल्या पुराने बोरखेडी नेली तेव्हापासून सगळं घर माळावरच्या या तट्ट्याच्या खोपटात राहत होतं. गाठोडी खाटेवरून भुईवर, भुईवरून पुन्हा खाटेवर, यातच तिचे दिवस जात. आता तिला त्याचा रागही येत नसे.

वैशाखाचं ऊन होतं. न्याहारी उरकेपर्यंत तट्टे तापून जात. उद्या हिंगणघाटहून नायब तहसीलदार येणार होते. सरकारने जामच्या रस्त्यालगतचा माळ नव्या गावठाणाला दिला होता आणि कुणाचं घर कुठे, ते उद्या ठरायचं होतं. सरकारी नकाशा तयारच होता. रस्त्याकडची वरची बाजू गावाला, आणि खाली नाल्याकडच्या उतारावर ह्यांची चाळीस घरं. दीक्षा घेतली, देव बुडवले, हरिदासच्या बापाने, नानाजीने, कोतवालकी सोडली, मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं म्हणून वर्षभर कुणी रोजाला बोलावलं नाही, तेही सोसलं. तरी 'गाव' वेगळं आणि 'ह्यांची घरं' वेगळी, हे जुन्या बोरखेडीतून नव्या कागदावर जसंच्या तसं उतरलं होतं.

पण नायब तहसीलदारांच्या कानावर आलं होतं की नानाजीचा धाकटा मुलगा दिल्लीला हीच विद्या शिकतो आणि त्याने आपल्याच गावाचा नकाशा काढला आहे. फाइल एकदाची हातावेगळी व्हावी, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. त्यांनी निरोप धाडला की मुलाचा नकाशा आणा, दोन्हीकडची माणसं कबूल असली तर माझी हरकत नाही. सदाशिवराव पाटलांनी नाही म्हटलं नव्हतं. हो म्हणतानाही त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. आता नानाजीने काय ते सांगायचं होतं. नानाजी बोलला म्हणजे चाळीस घरं बोलली, असं धरून चालत.

म्हणून आज घरातली सगळी जमली होती. थोरला रूपराव हिंगणघाटच्या जिनातून रजा काढून आला होता. जामहून नानाजीची विधवा बहीण आनंदाबाई आली होती. रूपरावची बायको सुलोचना दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

हरिदासने चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले आणि सांगायला सुरुवात केली.

तो नागपूरला इंजिनियर झाला, ते घरच्यांना समजलं होतं. इंजिनियर पूल बांधतो. त्यावर तो शिष्यवृत्ती मिळवून आणखी दोन वर्षं दिल्लीला कशासाठी गेला, हे मात्र कुणाला नीट सांगता येत नसे. नानाजी लोकांना सांगे, "थो गाव शिकते." हरिदासला ते आवडायचं, कारण त्याहून बरं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्या वर्गात इमारती आखणारे होते, त्याच्यासारखे रस्ते-गटारांवाले होते, भूगोलवाले होते, समाजशास्त्राची एक मुलगी होती. सुरुवातीला कुणाचं बोलणं कुणाला कळत नसे. आर्किटेक्ट दर्शनी भिंतीबद्दल बोलत, इंजिनियर उताराबद्दल, आणि ती मुलगी विचारी की इथे राहणार कोण. गुरुजींचा हट्ट असे की सगळ्यांनी एकाच टेबलावर बसून एकच नकाशा काढायचा आणि एकमेकांच्या रेघा खोडायच्या. त्या टेबलावर बसल्या बसल्याच एक दिवस हरिदासच्या मनात आलं होतं की आपली वस्ती नाल्याकाठी आहे ती कुणीतरी केव्हातरी तशी आखली म्हणून. आखलेलं खोडताही येतं. शेवटच्या वर्षाचा प्रबंध त्याने म्हणूनच बोरखेडीवर घेतला.

त्याच्या नकाशात खालची बाजू वरची बाजू नव्हतीच. घरांचे लहान लहान चौक होते, प्रत्येक चौकात गावची घरंही आणि वस्तीची घरंही, मध्ये विहीर, उताराला एक लांब मातीचा बांध. पुराची भीती राहिलीच तर ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येणार होती. गुरुजींना ते फार आवडलं होतं. इतरांनी काढलेल्या नकाशात चार डोकी लागली होती, याने चारही कामं एकट्याने केली होती, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

तो बोलत असताना रूपराव एकाच कोपऱ्याकडे बघत होता. पहिल्या चौकाचं टोक रस्त्याला टेकलं होतं आणि तिथे हरिदासने त्याचं नाव लिहिलं होतं. तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायचं. जामच्या फाट्यावरून येणारी-जाणारी प्रत्येक सायकल त्या कोपऱ्यावरून जाणार. जिनात कापसाची धूळ खाऊन त्याची छाती भरली होती. तिशीतच त्याला म्हाताऱ्यासारखा खोकला लागला होता. दुकानाचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त धाकट्याला एकदा पत्रात लिहिलं होतं. धाकट्याने ते लक्षात ठेवलं, हे बघून त्याला बरं वाटलं. त्याने लगेच सांगून टाकलं की नकाशा चांगला आहे, यावर आणखी बोलायची गरज नाही.

आनंदाबाईला गरज होती. तिचं म्हणणं होतं की आपली माणसं एकमेकांच्या हाकेवर हवीत. मागच्या साली रोज बंद झाला तेव्हा एका घरातलं पीठ दुसऱ्या घरात गेलं म्हणून निभावलं. चौकाचौकात दोन दोन घरं वाटून टाकली तर कोण कुणाकडे धावणार? आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे संध्याकाळी वंदनेला बसायचं, ते कुणाच्या तोंडाकडे बघत बसायचं?

पंचफुला चुलीपासून उठून आली आणि म्हणाली की आत्याबाईंचं बरोबर आहे. नानाजीने मान वर करून दोघींकडे बघितलं. या दोन बायकांचं लग्नाच्या दिवसापासून कुठल्याच गोष्टीत पटलं नव्हतं.

"खालची जागा चालन तुले?" त्याने बायकोला विचारलं. "नाल्याकाठी?"

"बांध घालू. आपन सगळे एका जागी तं राहू."

नानाजीला हे पटणं कठीण होतं. तीस-पस्तीस वर्षं त्याने कोतवालकी केली होती. गावाची दवंडी त्याने दिली, गावाचं टपाल त्याने तहसिलीला नेलं, मामलेदार आला की त्याच्या घोड्याला पाणी दाखवलं, आणि दर संध्याकाळी नाला ओलांडून तो गावाबाहेर आला. जिवंत असताना एकदा तरी गावात राहायचं, त्याला एवढंच हवं होतं. आता तर ते मुलाच्या हातून होणार होतं. तो म्हणाला की पोराने दोन वर्षं डोळे फोडून हे केलं आहे आणि उद्या आपण याच्यावरच अंगठा ठेवायचा.

मग सुलोचना सूप बाजूला ठेवून उठली. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती. ती खाटेजवळ आली आणि रूपरावच्या नावावर तिने बोट ठेवलं. तिला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं.

"हे आमचं दार. अन् समोरचं हे कोनाचं, भाऊजी?"

"पाटलाच्या धाकट्या पोराचं, वैनी. थो वेगळा निंघून राह्यला ना."

"म्हंजे त्याची बायको राहीन इथं."

"हो."

ती तिथेच खाटेच्या कडेला भुईवर बसली. "पुराच्या दिवशी आमी पाटलाच्या कोठ्यावर गेलतो. दगडी हाय थो, उचावर हाय. कापूस हाय म्हने आत. दार उघडलं नाई. चाळीस घरची मानसं ओट्यावर उभी होती. पाऊस आडवा येऊन राह्यला होता. माही पोर विशाखा खांद्यावर होती."

रूपराव म्हणाला, "राहू दे."

"मले बोलू द्या." तिचा आवाज चढला नाही. "पाटलाच्या त्या सुनेनं खिडकीतून गिलासभर दूध दिलं. गरम होतं. पोरीले पाज म्हने. रडून राह्यली होती ते बी. पन खिडकी लावून घेतली, दार नाई उघडलं. सकाळी पोरीचं आंग तापलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात न्याव तं रस्ता पान्याखाली. तुमाले तापच सांगतला असन सगळ्याईनं. तापच होता."

हरिदासने आईकडे बघितलं, मग वडिलांकडे. विशाखा या घरातलं दीक्षेनंतरचं नवं नाव मिळालेलं पहिलं मूल होतं. मागच्या सुट्टीत तो आला तेव्हा ती नुकती रांगायला लागली होती आणि त्याच्या मोजपट्टीचं टोक धरून ओढत होती. पुरात ताप येऊन गेली, एवढंच त्याला कळवलं होतं.

"मले कोनी काऊन नाई सांगतलं?"

"तुही परीक्षा होती," नानाजी म्हणाला.

सुलोचनाचं अजून संपलं नव्हतं. "मी तिच्यावर राग नाई धरत. तिचा सासरा होता आत, ते तरी काय करन. पन भाऊजी, रोज सकाळी मी दार उघडीन अन् ते समोर राहीन. मी तिले रोज काय म्हनू?"

दिल्लीच्या टेबलावर ती मुलगी विचारायची की इथे राहणार कोण, आणि तो घरटी माणसं, वय, धंदा सगळं लिहून द्यायचा. त्याने एक गोटा उचलला, मग दुसरा. कागद आपोआप गुंडाळला गेला.

रूपराव बायकोशेजारी जाऊन बसला होता. मघाशी नकाशाच्या बाजूने बोललेला तो आता कोणाच्याच बाजूने बोलेना. पंचफुलाने जेवायला वाढलं. सगळ्यांनी खाल्लं, कारण अन्न वाढलं होतं.

ऊन उतरल्यावर हरिदास माळावर गेला आणि थोड्या वेळाने रूपराव त्याच्या मागून आला. दोघं चालत राहिले. माळ रस्त्यापासून एका अंगाने नाल्याकडे उतरत होता आणि दुसऱ्या अंगाने चढत मागे एका टेकाडावर संपत होता. टेकाड मुरमाड होतं, वर हिवराची दोन झाडं आणि एक कडुनिंब होता. सरकारी नकाशात तिथे गुरं बसायची जागा दाखवली होती.

हरिदास म्हणाला की कालपासून हे टेकाड त्याच्या मनात आहे, पण त्याने ते मनावर घेतलं नाही, कारण ते घेतलं की वस्ती पुन्हा वेगळी झाली, फक्त खालची वर आली. आणि गुरुजींना काय सांगणार? आता मात्र त्याला वाटत होतं की सगळ्यांनी एकत्र इथेच राहावं. पुराचं पाणी इथे कधीच येणार नाही. विहीर मात्र खडकातून खोल न्यावी लागेल, तोवर बायकांना खालून पाणी वाहावं लागेल.

"अन् पाटील देईन?" रूपरावने विचारलं.

रूपराव खोकला, थुंकला, आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. रस्त्याने एक बैलगाडी जात होती.

"उचावर आपन असलो तं थो चिडन," तो म्हणाला. "त्याले काई देल्याबिगर थो नाई आयकनार. त्याले रस्ता पायजे. सगळा."

"दादा, मंग तुह्या दुकानाची जागा जाते."

"मले दिसते थे."

"मी तुले म्हनलो नाई."

"तू म्हनशीनच नाई. म्हनून मी म्हनून राह्यलो. देऊन टाक रस्ता त्याईले." मग तो टेकाडावर एका दगडावर बसला. "सातवीत माही शाळा सुटली, तू वर्ध्याच्या वसतिगृहात गेला. तवा मले कोनी विचारलं नोहतं. बाबानं सांगतलं अन् मी जिनात गेलो. आज निदान माह्या तोंडून निंघालं." तो हसला नाही. "तुह्या शिकन्याचं काय होईन? पास होशीन ना?"

"होईन. गुण कमी पडतीन."

"पडू दे."

घरी येऊन हरिदासने नवा नकाशा काढला. जुन्याला लागले होते तितके श्रम याला लागले नाहीत. आनंदाबाईने पहिल्यांदाच खाटेजवळ येऊन बघितलं आणि विचारलं की वंदनेची जागा कुठे. त्याने कडुनिंबाजवळ एक चौकोन काढला. पंचफुलाने विचारलं की पाणी कुठून. त्याने खालची विहीर दाखवली. तिने तो चढ डोळ्यांनी मोजला आणि म्हणाली की तिचे गुडघे काही फार दिवस चालणार नाहीत. सुलोचना म्हणाली की पाणी ती आणेल.

दुसऱ्या दिवशी माळावर कनात ठोकली होती. नायब तहसीलदार खुर्चीवर होते, सदाशिवराव पाटील दुसऱ्या खुर्चीवर. नानाजीसाठी चटई टाकली होती. तो तिच्यावर बसला नाही, उभा राहिला. कोतवाल असताना तो उभाच राहत असे, पण तेव्हा बसायची सोय नव्हती. आज बसलं तर खुर्चीपेक्षा खाली दिसू, म्हणून तो उभा होता. आपल्याला एवढाही विचार करावा लागतो, याचा त्याला शीण आला.

तो म्हणाला, आमचं म्हणणं पोरगा सांगेल. हरिदासने पुस्तकी मराठीत सांगितलं. टेकाडाची जमीन मुरमाड आहे, पाणी साचत नाही, पायाला खोल खणावं लागणार नाही. शेती तिथे होत नाही, म्हणजे कुणाचं नुकसानही नाही. चाळीस घरं तिथे बसतात. रस्त्यालगतची सगळी जागा गावाने घ्यावी, आम्हाला रस्त्याला एकही प्लॉट नको. खालच्या उतारावर कुणीच घर बांधू नये, तिथे गुरं बसू द्यावीत.

पाटील बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "म्हंजे तुमी वर अन् आमी खाली," ते म्हणाले.

"रस्ता सगळा तुमचा, पाटील," नानाजी म्हणाला. "आमाले काई नको त्यातलं."

पाटलांचा धाकटा मुलगा त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. तो वाकून बापाच्या कानात काही बोलला. त्यालाही रस्त्यावर दुकान टाकायचं असावं. पाटलांनी आणखी थोडा वेळ घेतला, टेकाडाला गावचं गायरान म्हणतात हे सांगून बघितलं, सरकारी विहीर मात्र रस्त्याकडेच व्हावी ही अट घातली, आणि मग कबूल झाले. नायब तहसीलदारांनी टोपी काढून घाम पुसला. जाताना ते हरिदासला म्हणाले, "तुमचा आधीचा नकाशा फार चांगला होता असं ऐकलं."

"होता," हरिदास म्हणाला.

त्या पावसाळ्यात दिल्लीला त्याने दोन्ही नकाशे टेबलावर मांडले. गुरुजींनी विचारलं की एवढं शिकून शेवटी वेगळी वस्तीच आखलीस, ती का? त्याने पुराची, कोठ्याच्या ओट्याची आणि खिडकीची हकिगत सांगितली. गुरुजी म्हणाले की हे दुःख आहे, नगररचना नव्हे. समाजशास्त्राची ती मुलगी म्हणाली की या वर्षातला हा एकच नकाशा आहे ज्यात राहणाऱ्यांना आधी विचारलं आहे. हरिदासने दोघांनाही खोडलं नाही. त्याला पास करण्यात आलं. पहिला नकाशा मात्र त्याने मरेपर्यंत फाडला नाही, आणि कोणत्या नकाशात आपण चुकलो, हे त्याला कधीच पक्कं सांगता आलं नाही.

पण ते पुढचं. सभा झाली त्याच आठवड्यात टेकाडावर प्लॉट पाडायचं काम निघालं. वस्तीतली सगळी माणसं आली होती. हरिदास दोरी लावी, रूपराव खुंटी ठोकी, मागून नानाजी चुन्याची रेघ ओढी. रूपरावने एकदाही रस्त्याकडे बघितलं नाही आणि हरिदासने एकदाही त्याच्याकडे. पंचफुलाने ते पाहिलं. दोन मुलांमध्ये काहीतरी कायमचं दिलं-घेतलं गेलं आहे एवढं तिला कळलं, आणि ते भरून काढायला आपण पुरणार नाही, हेही.

कडुनिंबालगतचा प्लॉट रूपरावच्या वाट्याला आला. चारी बाजूंनी चुना पडला, तशी सुलोचना डोक्यावरचा हंडा उतरवून आत गेली. जिथे खोली होणार होती तिथे तिने पायाने दोन-चार खडे बाजूला सारले. हरिदासने विचारलं, "वैनी, दार कोनीकडून पायजे?"

तिने जरा विचार केला. "तुमीच पाहा," ती म्हणाली. मग झाडाच्या सावलीत, रेघेच्या आत, तिने पदर डोक्याखाली घेतला आणि ती आडवी झाली.

सगळ्यांना वाटलं घटकाभर पाठ टेकली असेल. पण ती झोपली. तोंड उघडं टाकून, हात पसरून, लहान मूल झोपतं तशी. भरदिवसा, सासऱ्यासमोर, साऱ्या वस्तीसमोर. आनंदाबाई तिला उठवायला पुढे झाली. पंचफुलाने तिचा हात धरला.

"झोपू दे," ती म्हणाली. "तिच्या घरात झोपली हाय."

शेजारच्या प्लॉटची खुंटी ठोकायची होती. रूपरावने घण उचलला, बायकोकडे बघितलं, आणि खाली ठेवला. ऊन सरकून सावली तिच्या अंगावरून निघून चालली, तेव्हा पंचफुला उठली आणि लुगड्याचा पदर पसरून तिच्या उशाशी उभी राहिली.